अकरा गोलांचा हिशेब
चामोर्शी-मुलचेऱ्याच्या फुटबॉल पाठीराख्यांना खुले पत्र

पाठीराख्यांनो,

धान कापून झालं की आपल्या दोन तालुक्यांत रिकाम्या बांध्यांवर बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, आणि त्यांच्या कडेला तुम्ही उभे राहता. तुमच्यात बंगाली कॅम्पांतले आहेत, मराठी गावांतले आहेत, गोंडी-माडिया बोलणारे आहेत. बाजाराच्या दिवशी एकमेकांशी भावावरून भांडणारे हे लोक फुटबॉलला एकाच दोरीला टेकून ओरडतात, म्हणून मला तुमचं कौतुक आहे. आज मात्र कौतुक करायला बसलेलो नाही.

परवाचा सामना तुम्ही पाहिलाच. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे आणि इतरांना माहीत असून उपयोग नाही. आकडा तेवढा लिहितो. ११-०.

मी पानठेल्याच्या बाजूला उभा होतो. पहिला गोल झाला तेव्हा तुमच्यासारखाच मीही उडी मारली आणि त्याच भरात माइकवाल्याच्या कानात सांगून आलो, ‘पुढच्या प्रत्येक गोलला आपल्याकडून शंभर.’ त्याने लगेच माझ्या कृषी केंद्राचं नाव पुकारलं, वर ‘बी-बियाणे, खते, फवारणी पंप’ हेही जोडलं. शंभर रुपयांत अख्ख्या मैदानाला दुकानाचं नाव ऐकू जातं, याच्याइतकी स्वस्त जाहिरात कुठली? माझं ऐकून आणखी दोघा-तिघांनी आकडे लावले. एकाने पन्नास बोलले, एकाने गावठी कोंबडा बोलला. सहाव्या गोलनंतर माइकवाला इतका रंगात आला होता, की गोल व्हायच्या आधीच माझं नाव घ्यायला लागला.

समोरचा संघ भामरागडच्या बाजूचा होता. पिकअपमध्ये उभ्याने सव्वाशे किलोमीटरच्या वर रस्ता काटून आलेला. आलापल्ली, आष्टी, मग आपला तो ट्रकांचा रस्ता. तो रस्ता लोखंडाच्या दगडाच्या धुळीने काय करतो हे तुमच्या माझ्या छातीला माहीत आहे. पोरं उतरली तेव्हा भुवयाही लाल दिसत होत्या. बदली खेळाडू दोनच. बूट अर्ध्यांच्या पायात, आणि त्यातलेही काही एकमेकांचे असावेत असे सैल. गोलकीपर सोळाचा असेल नसेल. हातमोजे नव्हते.

आणि आपल्या गोलपोस्टला जाळी नव्हती. ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आली मला ठाऊक नाही. माझ्या ती पाचव्या गोलला लक्षात आली. गोल झाला की बॉल सरळ मागच्या बांधीत जायचा, धसकटांतून उड्या मारत पार धुऱ्यापर्यंत. आणला कुणी? त्या गोलकीपरनेच. आपण तिकडे डफडी वाजवत होतो, पोट्टे एकमेकांच्या खांद्यावर चढले होते, माइकवर माझं नाव चाललं होतं, आणि तो पोरगा धसकटांतून अनवाणी पायांनी बॉल आणायला जात होता. तो अकरा वेळा गेला. गोलच्या मागे आपली चाळीस-पन्नास माणसं बसलेली होती, त्यांतलं कुणी उठलं नाही.

आठव्या गोलनंतर काही जणांनी दोन बांबू आणि एक पोतं घेऊन तिरडी बांधली आणि ‘रामनाम’ करत मैदानाला फेरी मारली. पुढे मडकं धरून चालणारा पोट्टा भारी नक्कल करत होता. मी हसलो. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो.

माझ्या बाजूला आमच्या शेजारचे म्हातारेबुवा उभे होते. जन्म तिकडे खुलन्याकडचा, वाढले इथल्या कॅम्पात, आणि आता बाजारात रोहू-कतला विकतात. पोरं त्यांना दादू म्हणतात, म्हणून आम्हीही. गळ्यात लाल-पिवळा मफलर असतो, उन्हाळा सोडून बाराही महिने. दादू चौथ्या गोलपर्यंत टाळ्या वाजवत होते. तिरडी निघाली तेव्हा मला म्हणाले, ‘आमचे पाच झाले होते ना, त्याच्यानंतर एक पोरगा खरंच गेला होता.’

एवढं बोलून ते घरी निघून गेले. मी मात्र त्या वाक्यात अडकलो. कारण ते पाच कुठले, हे मला माहीत होतं. दादूंच्या शेजारी राहणाऱ्याला ते माहीत नसणं शक्यच नाही.

तुमच्यातल्या मराठी घरांतल्यांसाठी सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या निर्वासितांना सरकारने तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्याच्या या जंगलात जमिनी दिल्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली, त्याच्या आधीची ही गोष्ट. माणसं आली तशी गावांची नावं आली, मासे आले, दुर्गापूजा आली, आणि एक फुटबॉलचा क्लबही आला, जो त्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हता. ईस्ट बंगाल. हा क्लब कोलकात्यात १ ऑगस्ट १९२० रोजी निघाला, फाळणीच्या २७ वर्षं आधी. फाळणीनंतर मात्र घरदार तिकडे सोडून आलेल्या बांगाल माणसाला ‘आपलं’ म्हणायला जे मोजकं उरलं, त्यात हा एक होता. मोहन बागान हा तिथल्या मूळच्या लोकांचा, घोटींचा. ईस्ट बंगाल जिंकलं की बाजारात हिल्सा महाग, मोहन बागान जिंकलं की झिंगा महाग, असं म्हणतात. चामोर्शीच्या बाजारात हिल्सा कुठून येणार? दादू रोहू खाऊन साजरं करत.

३० सप्टेंबर १९७५. आयएफए शिल्डचा अंतिम सामना. ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. श्याम थापाचे दोन, सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सान्याल यांचा एकेक. त्यातही थापाची एक पेनल्टी हुकली होती, नाहीतर सहा झाले असते. प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. त्याच वर्षी ईस्ट बंगालने कोलकाता लीगही सलग सहाव्यांदा जिंकली होती. दादूंना हे सगळं पाठ आहे. सातबाऱ्यावरचा गट नंबर विचारला तर चाचपडतात, हे मात्र विचारा, झोपेतून उठून सांगतील.

त्या रात्री मोहन बागानचे काही खेळाडू घरी जायला घाबरले आणि गंगेत नावेवर रात्र काढली, ही गोष्ट कोलकात्यात पन्नास वर्षांनंतरही सांगतात. आणि मोहन बागानच्या एका तरुण पाठीराख्याने जीव दिला. पुढच्या जन्मी या क्लबचा चांगला खेळाडू होऊन याची भरपाई करीन, अशा अर्थाची चिठ्ठी मागे ठेवून. दादू म्हणाले तो पोरगा हाच. तो त्यांच्या बाजूचा नव्हता, विरुद्ध बाजूचा होता. पाच गोलांचा आनंद ज्या माणसाने आयुष्यभर मफलरसारखा गळ्यात बाळगला, त्याच्या तोंडी त्या पाचांबरोबर तो पोरगाही येतो.

२००९ साली मोहन बागानने एका लीग सामन्यात ईस्ट बंगालला ५-३ हरवलं, चिडी नावाच्या त्यांच्या खेळाडूने एकट्याने चार मारले. मोहन बागानवाल्यांना वाटलं, फिटलं. यावर दादूंचं म्हणणं असं, की तीन खाल्ले ना, मग कसं फिटलं? पाठीराखा म्हटला की एवढा कोडगेपणा हवाच. माझी त्याला हरकत नाही. ओरडू नका, नाचू नका, हरलेल्याला खिजवू नका, असं सांगायला मी कुणी साधुमहाराज नाही. खिजवण्याशिवाय फुटबॉल म्हणजे मिठाशिवाय आंबील. मला खटकलं ते दुसरंच. ते नीट सांगता यावं म्हणून आपल्याच दोन खेळांकडे येतो.

कुस्तीत पाठ टेकली की संपलं. फडावर कुणाला एकाच कुस्तीत अकरा वेळा चीत करत नाहीत. निकाल लागला की पंच हात वर करतो, जिंकलेला हरलेल्याला उठवतो, पुढची जोडी लागते. कबड्डीत तर आणखी गंमत आहे. लोण चढला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, की समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळतात. पण त्याच क्षणी बाद झालेले सातही जण पुन्हा आत येतात. ज्याने कुणी हा नियम केला त्याला माणूस कळत होता. सगळे बाद झाले म्हणजे सगळे परत आले. फुटबॉलमध्ये यातलं काही नाही. पाठ विसाव्या मिनिटालाच टेकलेली असते, पण पुढची सत्तर मिनिटं त्याच पाठीवर खेळायची असतात. कुणी थांबवत नाही, कुणी परत आत घेत नाही. त्या सत्तर मिनिटांत मैदानावरची माणसं काय करतात ते त्यांच्या हाती. पण कडेची माणसं काय करतात ते आपल्या हाती आहे. आणि आपण त्या सत्तर मिनिटांवर बोली लावली. शंभर रुपये, पन्नास रुपये आणि एक कोंबडा.

आपली भाषाही मला यात चमत्कारिक वाटते. एकतर्फी जिंकण्याला आपल्या पेपरांत किती शब्द आहेत बघा. धुव्वा उडवला, धूळ चारली, खुर्दा केला, चारी मुंड्या चीत. सगळे उसने, कुठून युद्धातून, कुठून आखाड्यातून. पण दारुण हरण्याला आपला एक खास शब्द आहे, पानिपत, आणि तो आपल्या स्वतःच्या पराभवाचा आहे. १७६१ला अडीचशेच्या वर वर्षं झाली तरी आपण पेपर कठीण गेलेल्या पोराला ‘पानिपत झालं का रे?’ असं विचारतो. हरण्याची आठवण ज्या भाषेने इतकी जपली, त्या भाषेत तिरडी नाचवणाऱ्यांना जरा अवघडल्यासारखं व्हायला हवं होतं. मला झालं नाही, हे वर लिहिलंच आहे.

आता त्या शंभर रुपयांबद्दल. गोलला किंमत लावली की काय होतं, याचा एक नमुना गोव्यात घडून गेला आहे. २००४ साली तिथल्या दुसऱ्या विभागाच्या लीगमध्ये दोन क्लब वर चढण्यासाठी बरोबरीत होते आणि निकाल गोलफरकावर लागणार होता. अखेरच्या सामन्यांत एकाने ५५-१ असा विजय मिळवला, दुसऱ्याने ६१-१. नव्वद मिनिटांत ६१ गोल म्हणजे दीड मिनिटाला एक. तेवढ्या वेळात तर बॉल मधोमध आणून ठेवायलाही धावपळ होते. गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही क्लब निलंबित केले. तिथे गोलची किंमत गुणतक्त्याने लावली होती. इथे ती मी लावली. आपल्या संघाचा तो दहा नंबर, ज्याचे चार गोल झाले, तो एरवी चांगला पोरगा आहे. सहाव्या गोलनंतर तो बाजूच्याला पास देत होता, बॉल मागे फिरवत होता, मी पाहिलं. तेव्हा कडेवरून आपणच ओरडलो, ‘मार बे, शंभर आहे!’ त्याने मारला. जर्मनीचा किस्सा तुम्हाला माहीत असेल. ९ जुलै २०१४च्या पहाटे आपल्याकडे निम्मी पोरं पिवळ्या बनियनवर टीव्हीसमोर बसली होती आणि ब्राझील मध्यंतरालाच ०-५ने मागे होता. जर्मनीच्या हुमेल्सने नंतर सांगितलं, की मध्यंतरात त्यांनी आपसात ठरवलं, खेळायचं मन लावून, पण समोरच्याची टर उडवायची नाही. ते ७-१ झाले. शुर्लेच्या सातव्या गोलला ब्राझीलच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. जर्मनांना तसं ठरवता आलं, कारण त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये माइकवाला नव्हता.

एकतर्फी जिंकल्यावर आपल्याला वाटतं की आपला संघ आता कुणालाही हरवेल. गोव्याच्या पाठीराख्यांना विचारा. १७ नोव्हेंबर २०१५, फातोर्डा. एफसी गोवाने मुंबई सिटीला ७-० हरवलं. दुदू आणि हाओकिप, दोघांची हॅट्‌ट्रिक एकाच सामन्यात, सातवा रेनाल्डोचा. इंडियन सुपर लीगमध्ये तोवर एवढा मोठा विजय कुणी पाहिला नव्हता. गोवेकर नाचले असतील तर हक्कच होता त्यांचा. त्यानंतर ३३ दिवसांनी, २० डिसेंबरला, त्याच फातोर्ड्यावर अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला झोफ्रेने गोव्याला २-१ पुढे नेलं. तीन मिनिटं उरली होती. नव्वदाव्या मिनिटाला बॉल गोव्याच्याच गोलकीपरकडून स्वतःच्या गोलमध्ये गेला आणि वाढीव वेळेत मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा मारला. ३-२. सातांपैकी एकही गोल त्या दिवशी उधार मिळाला नाही.

आपण भारताचे म्हणून ओरडतो तेव्हा आपण कुठल्या बाजूचे असतो, हेही पाहा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं चेचलं. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले. त्या मारानंतरच महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे भामरागडच्या पोरांच्या पायात परवा जे होतं-नव्हतं, ते एके काळी देशाच्या संघाच्या पायात होतं-नव्हतं. तो एक गोल शेवटी-शेवटी अहमद खानने मारला. हा अहमद खान कुणाचा? ईस्ट बंगालचा, त्यांच्या ‘पंचपांडवां’पैकी एक. ५-०बद्दल दादू पाच मिनिटं बोलतात, पण या १०-१ मधल्या एकाबद्दल बोलताना त्यांचा आवाज वेगळा होतो, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे. बंगाली कळत नाही मला धड, पण आवाज कळतो.

चारच वर्षांनी, १९५६ला मेलबर्नमध्ये, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. हॅट्‌ट्रिक नेव्हिल डिसोझाची. गोव्याचा मुलगा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला आणि पहिला गोल नेव्हिलनेच मारला. शेवटी आपण १-४ हरलो, पण दहा खाल्लेल्या संघाने चार वर्षांत तिथवर मजल मारली होती. हेलसिंकीत कडेला उभं राहून हसलेल्या प्रेक्षकांपैकी कुणी मेलबर्नला होतं का, असा एक वेडगळ विचार माझ्या मनात येतो.

मुलींचं तर मी मुद्दाम सांगणार आहे, कारण परवा आपल्या मैदानावर मुलगी एकही नव्हती, चहाच्या टपरीवर होती तेवढीच. २३ जून २०२५ला थायलंडमधल्या चियांग माईला भारताच्या मुलींनी मंगोलियाला १३-० हरवलं. प्यारी खाखाचे पाच गोल. ती ओडिशाच्या सुंदरगडची, आपल्यासारख्याच जंगलजिल्ह्याची. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर सात जणांनी तो आकडा पाठवला, तीन जणांनी स्टेटसला ठेवला. बारा दिवसांनी, ५ जुलैला, त्याच मुलींनी यजमान थायलंडला २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. थायलंड म्हणजे दोन वर्ल्ड कप खेळलेला संघ. त्या विजयाने भारताच्या मुली पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात पोहोचल्या. तो २-१ मला कुणीही पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मीच सगळ्यांना पाठवला, तर एकाने विचारलं, ‘एकच गोलनं?’

आता त्या थायलंडचं ऐका. ११ जून २०१९, फ्रान्समधलं रेम्स शहर, महिलांचा वर्ल्ड कप. अमेरिका १३, थायलंड ०. तोच आकडा. तिथेही एकीचेच पाच, अलेक्स मॉर्गनचे. दहाव्या, अकराव्या गोललाही अमेरिकन मुली पहिल्या गोलसारख्या नाचल्या, आणि त्यावरून जगभर वाद झाला. एक पक्ष म्हणाला, गटात गोलफरक मोजतात, मग का थांबावं? शिवाय पुरुषांना हे कुणी विचारलं असतं का? दुसरा पक्ष म्हणाला, मारा पण नाचू नका. मला पहिल्या पक्षाचं जास्त पटतं. जी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्ड कपमध्ये गोल मारते, तिला तो दहावा की पहिला याच्याशी काय देणंघेणं? पण माझ्या लक्षात राहिला तो त्यानंतरचा सामना. थायलंड स्वीडनकडून १-५ हरला. चार गोल खाल्लेले असताना अगदी शेवटी कांचना सुंगङनने एक मारला, आणि थायलंडच्या बाकावर संघाच्या व्यवस्थापक बाई ढसाढसा रडल्या. हरतच होत्या त्या. तरी मैदानावर वर्ल्ड कप जिंकल्यासारखं झालं. २०२५मध्ये संगीताने ज्यांना रडवलं तो संघ त्या एका गोलपासून सहा वर्षं पुढे आलेला होता. आणि आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी २०२२ला भुवनेश्वरमध्ये, घरच्या मैदानावर, अमेरिकेकडून आठ खाल्ले होते, तेही लक्षात असू द्या. स्टेटसला ठेवा असं म्हणत नाही.

तर, माझं मागणं. मी स्पर्धेच्या मंडळाला वेगळं पत्र लिहिलेलं नाही, कारण मंडळवालेही तुमच्यातलेच आहेत.

संक्रांतीनंतर पुढची स्पर्धा आहे. माझ्या दुकानाकडून गोलमागे शंभर बंद. त्याऐवजी, जो संघ तीन गोलांनी मागे असेल, त्याच्या पहिल्या गोलला पाचशे. माइकवाल्याशी बोलून ठेवलं आहे. त्याला आधी कळेना, म्हणाला, ‘म्हणजे हरणाऱ्याला?’ मी म्हटलं, हो, हरणाऱ्याला. तो म्हणाला, ‘मग जाहिरात कशी होणार?’ होईल. तुम्हीच बघा, ०-६ने मागे असलेला संघ पाचशेसाठी कसा पळतो आणि आपला गोलकीपर, जो परवा खांबाला टेकून मुरमुरे खात होता, तो कसा दात-ओठ खाऊन उभा राहतो. माझ्या मते यात खेळ जास्त आहे. तुम्हाला पटत नसेल तर तुमचे आकडे तुम्ही लावा. फक्त कोंबडा नको. परवाच्या कोंबड्यावरून संघातच भांडण झालं आणि तो शेवटी कुणी नेला हे अजून निघालेलं नाही.

लांबून येणाऱ्या संघाला पोहोचल्या-पोहोचल्या मैदानात उतरवू नका. त्यांचा सामना दुपारनंतर लावा. आधी आलूबोंडा, चहा आणि तोंड धुवायला पाणी. बंगाली असो की माडिया की मराठा, सव्वाशे किलोमीटर उभ्याने आलेल्या पायांत सारखाच गोळा येतो. परवा सामना संपल्यावर ती पोरं बक्षीस समारंभाला थांबली नाहीत. अंधाराच्या आत परतायचं होतं त्यांना. आपल्याला वाटलं, हरले म्हणून तोंड लपवून पळाले. पिकअपवाल्याने नंतर मला सांगितलं, की वाटेत आष्टीला थांबले तेव्हा त्या गोलकीपरने तळपायातले धसकटाचे काटे काढले आणि मग त्यांनीच एकमेकांना ‘अकरा, अकरा’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. हसत होते म्हणाला. पुढच्या वर्षी येणार का, असं मी विचारलं. ‘त्यांनी विचारलं होतं, तारीख कळवाल का,’ तो म्हणाला.

तिरडीबद्दल काही मागत नाही. ज्यांनी बांधली त्यांच्यातले दोघे माझ्याकडे युरिया न्यायला येतात. तेव्हा बोलेन.

शेवटची गोष्ट जाळीची. आपण सगळे रानडुकरांपासून धान वाचवायला कुंपणाला जी जाळी लावतो, ती माझ्या दुकानात आहे. मोजून पाहिलं, एका गठ्ठ्यात दोन्ही गोल होतात. त्या अकराशेतले माझे हजारच निघाले, पहिला गोल बोलीच्या आधीचा होता. तेवढ्याची जाळी मी बाजूला काढून ठेवली आहे. डोळे मोठे आहेत, बॉल अडेल पण कडेला नीट शिवून घ्यावी लागेल. काल दादूंना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन ताणली, गाठी पाहिल्या, आणि म्हणाले ही मासे धरायच्या कामाची नाही, पण गोल धरेल. सुई-दोरा त्यांचा. पौर्णिमेपर्यंत शिवून देतो म्हणाले आहेत.

आपला,
पानठेल्याच्या बाजूला उभा असणारा
चामोर्शी